कच्चा टाका

वेल्डिंग शिकायला माझ्याकडे आजवर जे आले ते पोटासाठी आले. हौस म्हणून आलेली ही पहिलीच. साल दोन हजार पाच. विश्रांतवाडीत आळंदी रोडला माझं ग्रिल-गेटचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, पत्र्याची शेड, एक वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर, गॅसच्या दोन टाक्या आणि मी. कंपनीने व्हीआरएस देऊन घरी बसवल्यावर दिवसभर माझं डोकं खाऊ नका, काहीतरी काढा, असं प्रेमला म्हणाली, म्हणून काढलेलं. प्रेमला म्हणजे आमची बायको.

रविवारी सकाळी एक स्कूटी येऊन थांबली. पोरगी उतरली, जीन्स घातलेली, गळ्यात ऑफिसच्या कार्डाची पट्टी. रविवारी सुद्धा! म्हटलं, नवीन फ्लॅट घेतला असेल, बाल्कनीला ग्रिल हवी असेल.

"किती बाय किती?" मी विचारलं.

"मला वेल्डिंग शिकायचंय."

"का? आयटी बंद पडली का?"

ती हसली नाही. "एक मॉडेल करायचंय, लोखंडाचं. काका, तुम्ही मला ओळखलं नाहीत. मी अपेक्षा. पोपट भोईटेंची मुलगी."

मी स्टुलावर बसलो आणि तिला वाटलं, म्हातारा दमलाय.

उगीच लपवाछपवी नको, आत्ताच सांगतो. पोपट माझा मित्र. शहाऐंशी साली, खंडेनवमीच्या दिवशी, कंपनीच्या तीन नंबर शेडमध्ये वरच्या क्रेनच्या कठड्यावरून तो खाली पडला आणि जागीच गेला. तो कठडा मी जोडला होता. जोडला कसला, नुसते टाके मारले होते. हे मला ठाऊक होतं आणि प्रेमलाला ठाऊक होतं, तिसऱ्याला नाही. आणि आता त्याचीच पोर माझ्यासमोर उभी राहून म्हणत होती, मला शिकवा.

"कसलं मॉडेल?" मी विचारलं.

"तीन नंबर शेडचं. कंपनी पाडतायत ना. तिथे आयटी पार्क होणार आहे. मी गेटवर गेले होते, आत सोडलं नाही." तिने पिशवीतून एक मोठा कागद काढला. कंप्युटरवर काढलेलं चित्र, मापं टाकलेलं. "एकास वीस. मला ती शेड वरूनच आठवते काका. बाबांनी मला वर नेलं होतं. खालचं सगळं एवढंएवढंसं दिसत होतं. म्हणून मॉडेलच करायचंय. मी ते तसंच बघितलंय."

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तोंडातून निघालं, "पुढच्या रविवारी पायात बूट घालून ये."

*

आता त्या दिवसाचं सांगतो. माझं गाव वर्ध्याकडचं. बाबासाहेबांनी छप्पन साली दीक्षा दिली तेव्हा माझा बाप नागपूरच्या त्या गर्दीत उभा होता, आई उभी होती, मी आईच्या कडेवर होतो. तेव्हापासून घरातलं कोणी ना कोणी दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जातंच. पुण्यात नोकरीला लागल्यावर मीही जायचो. शेडमध्ये सगळ्यांना माहीत, दसऱ्याला सुखदेव नसतो.

कंपनीत खंडेनवमीचा थाट मोठा. आठ दिवस आधीपासून धुणं-पुसणं, मशिनींना हिरवा रंग, कठड्यांना पिवळा, झेंडूच्या माळा, पेढे. त्या दिवशी कामगारांची बायकामुलं कंपनी बघायला यायची. बाप पोराला घेऊन हिंडायचा, ही माझी मशीन, ही माझी क्रेन. हे सगळं मला ऐकून माहीत. इतक्या वर्षांत मी त्या दिवशी एकदाही कंपनीत नव्हतो.

आदल्या दिवशी दुपारी क्रेनची मोटर खाली उतरवली होती, तिला वाट करायला वरचा कठडा कापला होता. आमचे फोरमन श्रीनिवास साहेब म्हणाले, "सुखदेव, उद्या पूजा आहे, कठडा तेवढा लावून जा." चार खांब. एकेक खांब बुडाशी सगळीकडून भरायचा तर दोन तास हवेत. माझी नागपूरची गाडी संध्याकाळची, आणि माझ्याकडे पाऊण तास. मी टाके मारले. एका खांबाला चार. दसऱ्याहून आल्यावर भरून घेऊ, असं ठरवलं. सुट्टीचे दिवस, वर कोण मरायला जातंय? मनात अगदी हेच शब्द म्हणालो होतो. अजून ते कानात आहेत.

अर्धवट जोडावर खडूने फुली मारायची, ही आमची पद्धत. फुली म्हणजे काम बाकी आहे, रंग लावू नका, भार टाकू नका. मी फुली मारली होती का? एकोणीस वर्षं मी ती मनातल्या मनात इतक्या वेळा मारलीय की खरी मारली होती की नाही, ते आता मलाच सांगता येत नाही. मारली असली तर रंगाऱ्याने तिच्यावरून ब्रश फिरवला. बाहेरचा रंगारी, त्याला फुली काय आणि रांगोळी काय! पिवळ्या रंगाखाली टाका आणि पक्का जोड खालून बघणाऱ्याला सारखाच दिसतो.

तिसऱ्या दिवशी मी परत आलो तेव्हा पोपटला अग्नी देऊन झालं होतं. शेडमध्ये पाय ठेवल्याबरोबर श्रीनिवास साहेब म्हणाले, "सुखदेव, जोड पूर्ण भरला होतास ना?"

"हो साहेब," मी म्हणालो.

एवढंच. त्यांनाही तेच ऐकायचं होतं. चौकशीच्या कागदात आलं, की मयत कामगाराने लहान मुलीला उचलून कठड्याला टेकण्याचा निष्काळजीपणा केला. पोपट पाठीवर पडला होता आणि पडतापडता त्याने पोरीला पुढे, वरच्या चालायच्या फळीवर फेकलं होतं. ती वाचली. हनुवटीला खोक पडली तेवढीच.

का नाही बोललो? नोकरीची भीती होती, खोटं कशाला सांगू. पण दुसरीही एक होती. "यांचं बरंय, दसऱ्याला नागपूर" ही कुजबुज शेडमध्ये आधीपासून होतीच. मी तोंड उघडलं असतं तर ती एकट्या सुखदेवची चूक राहिली नसती. नागपूरला पळायच्या घाईत यांनी माणूस मारला, असं झालं असतं, आणि ते आमच्या प्रत्येक माणसाच्या पाठीला चिकटलं असतं. माझी चूक माझ्या लोकांच्या डोक्यावर कशाला ठेवू, असं मी स्वतःला समजावलं. ते खरंही होतं आणि सोयीचंही होतं.

*

अपेक्षा दर रविवारी वारज्याहून यायची. तिथे तिने फ्लॅट घेतला होता, आईला घेऊन राहायची. आई म्हणजे हिरावहिनी. पोपट गेल्यावर त्यांनी शिलाईवर घर चालवलं, आणि सून-नात सांभाळते असं दाखवत पोपटची आई त्या दोघींना बोलून बोलून जगली. आता ती म्हातारीही नाही.

पहिल्या रविवारी पोरीने सांगून सांगूनही काच न धरता ठिणगीकडे बघितलंच. संध्याकाळी फोन, काका, डोळ्यात वाळू गेल्यासारखं होतंय. म्हटलं, बटाट्याच्या चकत्या ठेव आणि उद्या ऑफिसात सांग, रात्रभर काम केलं. दुसऱ्या रविवारी रॉड सारखा चिकटत होता. तिसऱ्या रविवारी पत्र्याला भोक.

"आता?" ती म्हणाली.

"आता काय? तुमच्या कंप्युटरात ते मागे जायचं बटण असतं ना, ते दाब."

"काका!"

"इथे भोक पडलं की पडलं. दुसरा पत्रा घे."

पण हात चांगला होता हो. आमच्या अनिरुद्धला, माझ्या पोराला, खिळा ठोकायला सांगितला तर भिंतीची माफी मागत ठोकेल. ही पोरगी चौथ्या रविवारी आवाजावरून सांगायला लागली, की रॉड लांब गेला की जवळ आला. नीट चाललं की भजी तळल्यासारखा आवाज येतो, तो तिला बरोबर कळायचा. मॉडेलचं काम बारीक, तीन मिलीमीटरच्या सळ्या, पातळ पट्ट्या. तिथे वेल्डिंग चालत नाही, सगळं जळून जातं. मग मी तिला गॅसवर पितळेचा जोड शिकवला. टाकणखार लावायचा, लोखंड लालबुंद होऊ द्यायचं, पितळेची काडी टेकवायची, की पितळ आपोआप फटीत शिरतं. पहिल्यांदा शिरलं तेव्हा ती "अय्या!" म्हणून ओरडली. तेवीस वर्षांची आयटीवाली बाई, अय्या म्हणते! त्या दिवशी मला फार बरं वाटलं आणि घरी जाऊन फार वाईट वाटलं.

दुपारी प्रेमला डबा घेऊन यायची. वांग्याची भाजी असली की अपेक्षा बोटं चाटूनपुसून खायची. मॉडेल वाढत होतं. दोन फूट बाय तीन फूट पाया, त्यावर खांब, वरचे गर्डर, क्रेन, क्रेनला जायची शिडी. क्रेनची साखळी तिने तुळशीबागेतून आणली, नकली दागिन्यांतली. मी म्हटलं, छान, आता क्रेनचं लग्न लावू. कठड्याचं काम मात्र ती पुढे ढकलायची. कठडा शेवटी, म्हणायची. एकदा तिने तारेचा एक माणूस केला, वितीच्या निम्म्याएवढा.

"बाबांची उंची किती होती, काका?"

"माझ्याएवढीच. थोडा जास्त. का?"

"असंच," ती म्हणाली.

एका रविवारी टाका शिकवायची वेळ आली. टाळता आलं असतं. मॉडेलच्या कठड्याला काय, फेविक्विकने चिकटवला असता तरी कोणी टेकणार नव्हतं. पण टाक्याशिवाय जोडकाम शिकवणं म्हणजे मीठ न दाखवता स्वयंपाक शिकवणं. मी सांगितलं, की दोन तुकडे जागेवर धरून ठेवायला मुगाएवढा ठिपका मारतात, तो टाका. मग गुण्या लावून सरळ आहे का बघायचं आणि सगळीकडून भरायचं. टाका म्हणजे जोड नव्हे.

"म्हणजे कच्चा टाका," ती म्हणाली. "आई ब्लाउजला आधी घालते तो. मग मशीनवर पक्की शिलाई मारून तो उसवून टाकते."

"तसंच," मी म्हणालो.

"आणि पक्की शिलाई मारायची राहिली तर?"

"तर उसवतं. चल, काम कर."

मग मी तिला जोड तोडायला शिकवलं. आपला जोड आपणच व्हाईसमध्ये धरून हातोड्याने तोडायचा आणि तुटलेलं तोंड वाचायचं. पक्का जोड तुटताना शेजारचं लोखंड फाडून नेतो. नुसता टाका असेल तर ठिपक्याएवढा चमकदार डाग राहतो आणि बाकीची कड जशी कापली तशी कोरी. मी तिला वीस तुकडे तोडायला लावले. विसावा तिने लांबूनच ओळखला. माझ्या गुरूने मला शिकवलं तसंच मी तिला शिकवत होतो, आणि शिकवताना कळत होतं, की मी स्वतःच्या गळ्याभोवती दोर आवळतोय. तरी हाताला खोटं शिकवता येईना.

त्या संध्याकाळी प्रेमला म्हणाली, "सांगून टाका एकदा."

या भाषेत तो शब्द कुठून कुठून अंगावर येतो बघा. मी तिच्यावर खेकसलो, "तुला काय जातंय बोलायला? पोर येते, हसते, जेवते. ते पण घालवू?"

"ती कुणाकडे येते?" प्रेमला म्हणाली. "तुमच्याकडे, की ज्याला ती तुम्ही समजते त्याच्याकडे?"

पुढच्या रविवारी सांगू, असं मी ठरवलं. असे चार रविवार गेले.

*

पाचव्या रविवारी ती दहा वाजता आली. हेल्मेट काढलं, पण बूट घातले नव्हते. चपलेवर आली होती. माझ्या लक्षात आलं, आज कामाला आलेली नाही.

तिने पिशवीतून एक कागद काढला आणि माझ्या टेबलावर, कानशी बाजूला सारून, पसरला. मोठा केलेला फोटो. काळा-पांढरा.

"आईच्या ट्रंकेत चौकशीची फाईल आहे," ती म्हणाली. "त्यात कठड्याचा फोटो होता, पंचनाम्याचा. मापं घ्यायला ऑफिसात स्कॅन केला. मोठा करून बघितला."

खांबाचं बूड होतं ते. पाइपचं तोंड कॅमेऱ्याकडे.

"हे बघा. एक, दोन, तीन, चार. चार ठिपके. मधली कड कोरी. करवतीच्या रेघा सुद्धा दिसतायत. कडेवर रंग चढलाय, म्हणजे मधली फट उघडीच होती." तिचा आवाज अगदी सरळ होता, ऑफिसात कामाचं सांगावं तसा. "काका, हा पक्का जोड आहे की टाका?"

मी चष्मा शोधायला लागलो. चष्मा डोळ्यांवरच होता. फोटो जुना आहे, नीट दिसत नाही, असं म्हणता आलं असतं. पण त्या कागदावर बोट ठेवून ती उभी होती, आणि ते बोट माझ्याच दुकानात भाजलं होतं, नखाशी काळा डाग होता. मला खोटं बोलवेना.

"टाका आहे," मी म्हणालो.

"कोणी मारला?"

"मी."

ती स्टुलावर बसली. मी सगळं सांगितलं. गाडी, पाऊण तास, फुली, साहेबांना काय म्हणालो ते. कुठे थांबलो नाही. मला वाटत होतं ती आता ओरडेल, एखादा हातोडा उचलेल, शिव्या देईल. दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या. ती त्या तारेच्या माणसाकडे बघत होती.

"मी हे मॉडेल का करत होते, माहितेय तुम्हाला?" ती म्हणाली. "मला बघायचं होतं, कठडा बाबांच्या कुठपर्यंत येत होता. कमरेच्या वर की खाली. चार वर्षांच्या मुलीने अंगावर झटका दिला तर माणूस वरून जाऊ शकतो का. म्हणून उंची विचारली."

मला कळेना. "झटका?"

"मी हट्ट केला होता. मला उचल म्हणून. त्यांनी उचललं, तर मला पलीकडचं बघायचं होतं म्हणून मी जोरात वळले. आणि ते गेले." तिने हनुवटीवरची खूण चोळली. "एकोणीस वर्षं मला वाटतंय, बाबांना मी पाडलं."

मी म्हणालो, "पोरी, आईशप्पथ, मला हे माहीत नव्हतं."

तिने पहिल्यांदा वर बघितलं. "नव्हतं? तुम्ही दर दिवाळीला यायचात. आजी तुम्हाला चहा द्यायची आणि म्हणायची, कार्टीनं बापाला खाल्लं. मी दाराआड असायचे. तुम्ही ऐकायचात, काका."

ऐकायचो. खरंच ऐकायचो. म्हातारी पोराच्या दुःखात बोलते, तिच्या तोंडी कशाला लागा, असं मनाशी म्हणायचो आणि बशीतलं बिस्किट उचलायचो. मला वाटायचं, माझ्या गप्प बसण्याचं ओझं मी एकटा वाहतोय. त्याचा मला आतून थोडा अभिमान सुद्धा होता. आणि ते सगळं ओझं दाराआड उभ्या असलेल्या चार वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर होतं. शरम वाटली. अशी शरम, की माणसाला स्वतःच्या कातडीतून बाहेर पडावंसं वाटतं.

"तुम्ही एकदा म्हणायचं होतं," ती म्हणाली. "मोठ्याने नको, कंपनीत नको, पोलिसात नको. मला एकटीला बाजूला घेऊन. बाळा, तू नाही. बास, एवढंच. मी कुणाला सांगितलं पण नसतं."

तिने कागदाची घडी घातली आणि गेली. मॉडेल तसंच राहिलं, कठडा नसलेलं. तारेचा माणूस सुद्धा राहिला.

*

तीन रविवार स्कूटी आली नाही. फोन केला तर उचलला नाही. प्रेमला डबा एकाच माणसाचा आणायला लागली.

चौथ्या रविवारी मी बसने वारज्याला गेलो. तिसरा मजला, लिफ्ट बंद. हिरावहिनींनी दार उघडलं. "या भाऊ. किती दिवसांनी! अपेक्षा भाजी आणायला गेलीय, येईलच." खिडकीशी शिलाईचं मशीन होतं. मी म्हटलं, चहा नको वहिनी, बसा, बोलायचंय.

मुलीने त्यांना काही सांगितलेलं नव्हतं. मी सांगितलं. दुकानात सांगितलं तसंच, पहिल्यापासून. त्यांच्या मांडीवर कुणाचं तरी ब्लाउज होतं, निळं. मी बोलत असताना त्या त्याची बाही सरळ करत होत्या, परत परत. माझं झाल्यावर मी हात जोडले. माफ करा म्हणायचं धाडस झालं नाही, नुसते जोडले.

मला वाटलं, आता "निघा" म्हणतील. पण त्या माझ्याशी बोलतच नव्हत्या जणू.

"सासूबाई बोलायच्या, मी गप्प बसायचे," त्या म्हणाल्या. "लोकांना वाटायचं, मी सोसतेय. सोसत कुठे होते, भाऊ? मला पण तेच वाटायचं. हिने हट्ट केला नसता तर ते असते. एवढीशी होती हो. चार वर्षांची." त्यांनी हाताने जमिनीपासून उंची दाखवली. "त्या दिवसानंतर मी तिला एकदा सुद्धा कडेवर घेतलं नाही. हात पुढे करायची, मी पाणी आणायला जायचे. शाळेत पडली, पाय मोडला, तर शेजारच्या द्वारकाबाईंनी उचलून घरी आणली. मी दारात उभी होते आणि मला पुढे होता आलं नाही. ती तेव्हापासून हात पुढे करायची थांबली."

ज्याचा गुन्हा तोच समोर बसलेला.

मागे पिशवीचा आवाज झाला. दार मी उघडंच ठेवलं होतं. अपेक्षा उंबऱ्यात उभी होती, एका हातात भाजीची पिशवी, पायात चपला तशाच. किती वेळ उभी होती कोण जाणे. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि कळलं, की सगळं ऐकलंय.

हिरावहिनी उठल्या. मांडीवरचं ब्लाउज खाली पडलं. त्या मुलीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांना कळेना, हात कुठे ठेवावेत. एकदा खांद्यापर्यंत नेले, परत घेतले. मुलगी आईपेक्षा वीतभर उंच. शेवटी त्यांनी तिच्या हातातली भाजीची पिशवी घेतली.

"जड आहे," अपेक्षा म्हणाली.

"असू दे," हिरावहिनी म्हणाल्या, आणि पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून तशाच उभ्या राहिल्या.

मी त्यांच्या बाजूने बाहेर पडलो. मला कोणी बसा म्हणालं नाही, जा पण म्हणालं नाही. जिना उतरताना वाटत होतं, आता वरून रडण्याचा आवाज येईल, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतील, काहीतरी होईल. तिन्ही मजले मी कान देऊन उतरलो. आवाज आला नाही.